उंदराची साक्ष आणि आपलें कर्तव्य

गेल्या सत्रांत दहावीच्या वर्गांत संप्रेरकांचा पाठ चालला असतां आम्हीं विद्यार्थ्यांस उंदरांवरील एका जुन्या प्रयोगाची हकीकत सांगितली. तास संपल्यावर वसतिगृहांत राहणारी एक मुलगी मागें रेंगाळली. तिचे आईबाप दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात. खालीं मान घालून तिनें विचारलें, "सर, माझ्या आईची पिशवी काढली, तेव्हां तिच्या बाजूचेंही सगळें काढलें, असें आई म्हणते. तिचें वय तेव्हां अठ्ठावीस होतें. आतां तिची कंबर सारखी दुखते. मग आईचें त्या उंदरासारखें झालें का?" या प्रश्नास आम्हांस तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. आईस एकदां जाणत्या डॉक्टरीणबाईंकडे न्यावें व शस्त्रक्रियेचे कागद बरोबर ठेवावेत, एवढेंच आम्हीं सांगितलें. परंतु तो प्रश्न मनांतून जाईना. म्हणून या विषयावर दोन शब्द वाचकांपुढें ठेवीत आहों.

शरीरांतील एखादा अवयव कोणतें कार्य करितो हें जाणण्याचा एक जुना मार्ग म्हणजे तो काढून पाहणें. गोऱ्हा खच्ची केला म्हणजे त्याचा स्वभाव व बांधा बदलतो, हें आपल्या शेतकऱ्यांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. परंतु काय नाहींसें झालें हें कळल्यानें तें कां नाहींसें झालें हें कळत नाहीं. मादीचे अंडाशय काढले असतां तिचा गर्भाशय सुकतो. हा परिणाम मज्जातंतू तुटल्यामुळें होतो, कीं अंडाशयांतून रक्तांत मिसळणारा एखादा पदार्थ बंद पडल्यामुळें होतो? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्ना येथील एमिल क्नाउअर यांनीं सशांच्या माद्यांचे अंडाशय मूळ जागेवरून काढून त्यांच्याच शरीरांत दुसऱ्या ठिकाणीं रोविले. गर्भाशय सुकला नाहीं. अर्थात् अंडाशयाचा निरोप मज्जातंतूंवाटे नव्हे, तर रक्तावाटे जात असला पाहिजे.

तो निरोप हातीं आणण्याचें काम अमेरिकेंतील सेंट लुई शहरीं एडगर ॲलन व एडवर्ड डॉइझी या दोघांनीं केलें. त्यांचा निबंध १९२३ सालीं प्रसिद्ध झाला. उंदराच्या मादीचें ऋतुचक्र चार-पांच दिवसांचें असतें. योनिमार्गाच्या अस्तरांतील पेशी कांचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिल्या, म्हणजे त्या चक्राची कोणती अवस्था चालू आहे तें ओळखतां येतें. अंडाशय काढलेल्या मादींत हें चक्र थांबतें. या दोघांनीं कत्तलखान्यांतून डुकरिणींचे अंडाशय आणविले, त्यांच्या पुटिकांतील द्रव काढून घेतला, व तो अशा माद्यांस टोचला. दोन दिवसांच्या सुमारास, निरोगी मादी माजावर आली असतां ज्या चपट्या व टणक पेशी दिसतात, त्याच पेशी कांचपट्टीवर पुनः दिसूं लागल्या. अवयव परत आला नव्हता. परंतु त्याचें कार्य परत आलें होतें. पुढें १९२९ सालीं डॉइझी यांनीं, व जर्मनींत स्वतंत्रपणें अडोल्फ बुटेनांट यांनीं, या वर्गांतील एक पदार्थ स्फटिकरूपांत मिळविला. त्या वर्गास आज आपण इस्ट्रोजेन म्हणतों.

या प्रयोगाची रीत विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत घ्यावी. प्रथम काढावें, मग पाहावें, नंतर परत द्यावें आणि पुनः पाहावें. आज याच रीतीस आणखी एक जोड असते. कांहीं माद्यांस नुसती चीर देऊन टांके घालितात व अंडाशय जागच्या जागीं ठेवितात, म्हणजे झालेला बदल शस्त्राच्या घावाचा कीं अवयवाच्या अभावाचा, हें निवडतां येतें. न्यायालयांत एका साक्षीदाराची साक्ष दुसऱ्याच्या साक्षीशीं ताडून पाहतात, तसाच हा प्रकार होय.

या मुक्या साक्षीदारांनीं पुढें पुष्कळ सांगितलें. अंडाशय काढलेल्या उंदरांचीं हाडें कांहीं आठवड्यांतच आंतून विरळ होऊं लागतात. वेळीं इस्ट्रोजेन दिलें तर ही झीज आवरतां येते. हाड हें भिंतीसारखें निर्जीव नाहीं. त्यांत जुनें खरवडून काढणाऱ्या पेशी आहेत व नवें बांधणाऱ्याही आहेत. इस्ट्रोजेन खरवडणाऱ्यांस आवर घालितें. तें गेलें कीं मोडतोड बांधकामाच्या पुढें जाते. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांचीं हाडें ठिसूळ होण्याचा संबंध अंडाशयांच्या विरामाशीं आहे, हें बॉस्टन येथील डॉक्टर फुलर अल्ब्राइट यांनीं १९४१ सालीं दाखवून दिलें होतें. प्रयोगशाळेंतील उंदीर व घरांतील आजीबाई यांची साक्ष या बाबतींत एकच पडली.

तथापि साक्षीदारास जेवढें ठाऊक आहे, तेवढेंच तो सांगणार. उंदराच्या मादीस मासिक पाळी नसते, आणि तिचें आयुष्य दोन-तीन वर्षांचें. तिच्यावरून स्त्रीविषयीं वाटेल तें अनुमान काढणें धोक्याचें होय. अमेरिकेंत सोळा हजारांहून अधिक स्त्रियांवर चाललेली एक मोठी चाचणी २००२ सालीं मुदतीपूर्वींच थांबविण्यांत आली. इस्ट्रोजेन व त्याच्या जोडीचें दुसरें संप्रेरक घेणाऱ्या या स्त्रियांत हाडें मोडण्याचें प्रमाण घटलें, परंतु स्तनांचा कर्करोग व पक्षाघात यांचें वाढलें. त्यांचें सरासरी वय त्रेसष्ट होतें. ज्या स्त्रीचे अंडाशय ऐन तारुण्यांत गेले, तिची गोष्ट निराळी. तिनें काय घ्यावें व किती वर्षें घ्यावें हें डॉक्टरांनीं तिला तपासूनच ठरवावें लागतें. पण त्यासाठीं आपल्या शरीरांतून काय गेलें, हें तिला आधीं ठाऊक तर पाहिजे!

येथेंच आमच्या दुःखाचें मूळ आहे. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांतील प्रकार उजेडांत आल्यावर महाराष्ट्र शासनानें समिती नेमली. ब्याऐंशी हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकीं तेरा हजारांहून अधिक स्त्रियांचा गर्भाशय काढलेला आढळला. त्यांत कित्येक चाळिशीच्याही आंतल्या होत्या. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर. खाडा पडला तर दंड. पाळीचे दिवस म्हणजे बुडालेली मजुरी, आणि वर कर्करोगाची भीति. अशा अडचणींत सापडलेल्या स्त्रीस "पिशवी काढून टाका, म्हणजे कटकट मिटली" असें कोणी सांगितलें, तर ती नाहीं कशी म्हणणार? पिशवीबरोबर अंडाशय गेले तर त्याच दिवशीं ऋतुनिवृत्ति येते. ते राहिले तरी त्यांचें कार्य कांहीं वर्षें आधीं मंदावण्याचा संभव असतो. मग मोळ्या वाहणाऱ्या त्या हाडांचें काय होणार, याचा विचार तिच्यापुढें कोणीं मांडिला?

कांहीं सज्जन म्हणतील कीं असले विषय मुलामुलींच्या वर्गांत नकोत. आम्ही स्वतःही कित्येक वर्षें हा पाठ घाईघाईनें उरकीत आलों, हें येथें कबूल करितों. मुलें हंसतील, मुली लाजतील, या धाकानें आम्ही पानें उलटीत गेलों. आतां वाटतें, ती आमची सभ्यता नव्हती, भित्रेपणा होता. शंभर वर्षांपूर्वीं उंदराच्या मादीनें जी साक्ष दिली, ती जर ऊस तोडणाऱ्या आईच्या कानीं आज पोंचत नसेल, तर मधल्या वाटेवर ती कोणीतरी अडवून धरिली आहे. आणि त्या वाटेवर आम्हां शिक्षकांचें दुकान आहे.

मुक्या प्राण्यांस असें दुःख द्यावें काय, असाही प्रश्न विद्यार्थी विचारितात, आणि तो विचारिलाच पाहिजे. १९५९ सालीं रसेल व बर्च या इंग्रज लेखकांनीं असा दंडक सांगितला कीं शक्य तेथें प्राण्यांऐवजीं दुसरें साधन वापरावें, त्यांची संख्या कमी करावी, व त्यांच्या यातना घटवाव्यात. आपल्या देशांतही १९६० च्या कायद्यानें प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास आळा घातला आहे. हे नियम योग्यच होत. परंतु आमच्या मतें आणखी एक बंधन आहे, व तें कोणत्याही कायद्यांत नाहीं. जें ज्ञान एका जिवाच्या वेदनेनें विकत घेतलें, तें कपाटांत कुलूपबंद ठेवणें हीही एक क्रूरताच होय. उंदरास त्याच्या संमतीविषयीं कोणीं विचारिलें नव्हतें. निदान स्त्रीस तरी विचारावें, व विचारण्यापूर्वीं तिला सर्व कांहीं समजावून सांगावें.

त्या मुलीस आम्ही आतां असें उत्तर देऊं: होय बाळ, तुझ्या आईच्या बाबतींत तसें झालें असण्याचा संभव आहे. कंबर कामानेंही दुखते; तपासल्यावांचून निश्चित सांगतां यावयाचें नाहीं. परंतु तपासतां येतें, आणि उपायही आहेत. हा पाठ नीट शीक, व येत्या चैत्रांत आई कारखान्यावरून परत आली म्हणजे तिला समजेल अशा शब्दांत तो सांग.