कारणावाचून हसणे

हास्यक्लब हा शब्द मराठीत आता चांगलाच रुळला आहे. पण वाचकहो, ही वस्तू मूळची आपल्याच उपनगरातली, हे किती जणांच्या ध्यानी असते? १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीच्या लोखंडवाला वसाहतीतल्या एका बागेत पहिला हास्यक्लब सुरू केला. माणसे अवघी पाच! पहिले काही दिवस रीतसर चुटके सांगण्यात गेले. एकाने मध्ये उभे राहून सांगावे, बाकीच्यांनी हसावे. पण थोड्याच दिवसांत चुटक्यांचा साठा संपला. उरले ते एकतर चावट, नाहीतर कुणाला तरी बोचणारे. मंडळी कुरकुरू लागली. तेव्हा डॉक्टरांनी विनोदालाच रजा दिली आणि नुसते हसायचे ठरवले. हसणे खरे की आणलेले हे शरीराला कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या पत्नी माधुरीबाई योगाच्या जाणकार. तेव्हा जोडीला योगातले श्वसनही आले.

कोल्हटकर, गडकरी, अत्रे शिकवून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्या मास्तराला विनोदावाचून हसण्याची ही कल्पना पचायला जरा जडच. पण विनोदाला नेहमी कुणीतरी गिऱ्हाईक लागते. ‘सुदाम्याच्या पोह्यां’नासुद्धा बंडूनाना लागले! आमच्या दहिसरच्या बागेत मराठी आहेत, गुजराती आहेत, मंगळूरकडचे आहेत. एकाचा विनोद दुसऱ्याला समजावून देईपर्यंत ऊन वर येते, आणि समजला की तिसरा फुगून बसतो. कारणावाचूनच्या हसण्याला भाषांतर लागत नाही.

आमचा कार्यक्रम साडेसहाला सुरू होतो. टाळ्या वाजवीत ‘हो हो, हा हा हा’; मग दीर्घ श्वास; मग जीभ बाहेर काढून सिंहाचे हसणे; मग या पेल्यातली लस्सी त्या पेल्यात ओतल्यासारखे करून हसणे; मध्ये पुन्हा श्वास. (हर्नियावाल्यांनी आणि नुकते ऑपरेशन झालेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.) मध्यंतरी एका निवृत्त गृहस्थांनी चिनी ताई ची सुरू करण्याचा आग्रह धरला. कल्पना वाईट नव्हती. चीनच्या क्रीडा समितीने १९५६ साली त्या लांबलचक प्रकारातून चोवीस हालचालींचा सोपा क्रम बांधून दिला, आणि तिथल्या बागांतून म्हातारी माणसे सकाळी एकत्र जमून तो करतात. उतारवयात तोल सांभाळायला आणि पडणे टाळायला त्याचा उपयोग होतो, हे प्रयोगांनीही दिसले आहे. पण त्यात बोलायचे नाही, घाई करायची नाही. पाण्यात हात फिरवावेत तसे फिरवायचे. दोन सकाळी निभावल्या. तिसऱ्या दिवशी कुणीतरी खोकले, आणि तीस माणसे पोट धरून हसली. ते गृहस्थ अजून एकटेच कोपऱ्यात ताई ची करतात आणि मग येऊन आमच्यात हसतात.

मला खरे नवल वाटते ते बायकांचे. बाईच्या हसण्यासाठी मराठीने ठेवलेले शब्द पाहा: फिदीफिदी, खिदळणे, दात काढणे. सगळे दटावणीचे! पुरुष मात्र सातमजली हसतो. पुराणिकांनीही भारतीय युद्धाचे खापर द्रौपदीच्या हसण्यावर फोडून ठेवले आहे. वस्तुतः भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत दुर्योधन पाण्यात पडतो तिथे भीम, अर्जुन आणि नोकरचाकर हसतात. द्रौपदी हसल्याची वार्ताच नाही. ती हसली अशी तक्रार मागाहून दुर्योधन बापाजवळ करतो, एवढेच.

आमच्या इमारतीतल्या एक काकू बागेत येऊ लागल्या तेव्हा यजमान जाऊन आठ महिने झाले होते. वर्षश्राद्ध व्हायचे होते. पहिले पंधरा दिवस त्या पदर तोंडावर धरूनच हसल्या. मग एके दिवशी सिंहाची पाळी आली, आणि पदर हातात धरून जीभ काही बाहेर काढता येईना, म्हणून तो सुटला. बातमी त्यांच्याआधी घरी पोचली. चिरंजीव शिकलेले, बँकेत अधिकारी. “आई, बाबांना वर्ष झाले नाही आणि तू चारचौघांत अशी हसतेस? लोक काय म्हणतील?” काकू आम्हांला हे सांगत होत्या तेव्हा हसत नव्हत्या. “मी त्याला म्हटले, रडायला मला कारण आहे, ते मी घरात रडते. हसायला काही कारण उरले नाही, म्हणून तर तिकडे जाते.”

मुलाने यावर काही उत्तर दिले नाही. परवानगीही दिली नाही. वर्षश्राद्ध यथासांग झाले. त्या दिवशी तेवढ्या काकू आल्या नाहीत. एरवी रोज सव्वासहाला तळमजल्यावरच्या गुजराती बहेन खालून हाक मारतात, आणि काकू चपला हातात घेऊन जिना उतरतात. चिरंजीव त्या वेळी झोपलेले असतात. निदान तसे दाखवतात.