अदब ठीक, पण सही कुणाच्या हातात?

मागच्या महिन्यात भाची पेडगावला आली ती बॅग भरूनच. पीएच.डी.चं तिसरं वर्ष. म्हणाली, "मामू, मला तिकडं परत जायचं नाही." घरातल्या मोठ्यांनी एका सुरात सुनावलं, गाइड म्हणजे उस्ताद, उस्तादासमोर मान वर करू नये. मी तिथंच बसलो होतो, गप्प. त्याची लाज अजून जात नाही, म्हणून हे लिहितोय.

अदब मलाही शिकवलाय. पण मला अलिफ-बे शिकवणाऱ्या उस्तादांच्या हातात माझी फेलोशिप नव्हती. गाइडच्या हातात असते. हजेरी, प्रगती अहवाल, प्रबंध जमा करण्याची परवानगी, सगळे कागद त्याच्या सहीपाशी थांबतात. ही मालकी झाली. तिला गुरुशिष्य परंपरेचं नाव देऊन आपण मालकाचं काम सोपं करतो. मी स्वतः गाइडच्या घरचं सिलिंडर वाहिलंय, त्यांनी तपासलेल्या पेपरांच्या गुणांची बेरीज केलीय. शेजारच्या टेबलावरचा सीनिअर म्हणायचा, "तुम्हाला काय, सरकार फुकट पोसतं." मी हसून सोडून द्यायचो. मौलाना आझाद फेलोशिप 2022 मध्ये सरकारनं बंद केली, तेव्हा मला त्याचं ते वाक्य आठवलं.

हसून सोडून देणं सगळ्यांना परवडत नाही. जळगावची डॉ. पायल तडवी, तडवी भिल्ल मुस्लिम घरातली मुलगी, मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती. 22 मे 2019 ला तिनं आयुष्य संपवलं. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तीन वरिष्ठ डॉक्टरांना अटक झाली. त्याआधीच आपण तक्रार घेऊन गेलो होतो, असं तिच्या आईचं, आबेदा तडवींचं म्हणणं. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे. म्हणजे कायदा वीस वर्षं जुना होता.

कुणी म्हणेल, सगळे गाइड तसे नसतात. नसतातच. माझे दुसरे गाइड भला माणूस. पण माझी डिग्री कुणाच्या भलेपणावर का अवलंबून असावी? यूजीसीचे 2022 चे नियम बघा. संशोधकाच्या कामाचा आढावा घ्यायला सल्लागार समिती आहे, दर सत्राला तिच्यासमोर उभं राहायचं. छान. आणि त्या समितीचा निमंत्रक कोण? तोच गाइड! ज्याच्याविषयी बोलायचं, त्यानंच बैठक बोलवायची. निमंत्रक बाहेरच्या विभागातला नेमा, गाइड बदलायचा अर्ज जुन्या गाइडच्या सहीशिवाय स्वीकारा, एवढंच मागणं आहे. यात कुणाचा अपमान होत असेल तर होऊ द्या.

दोन दिवसांनी मी भाचीजवळ बसलो. तोंडी सांगितलेलं प्रत्येक काम त्याच संध्याकाळी ईमेलनं परत लिहून पाठव, तारखेसकट वही ठेव, गाइड बदलायचा असेल तर अर्जाची पोच घे, असं सांगितलं. आपा तिथंच भाकऱ्या थापत होत्या. म्हणाल्या, "लिहून घे, मामू बोलला ते."

सोमवारी ती पेडगाव स्टेशनवरून गाडीत बसली. बॅगेत नवी वही होती.