डाव बाटुमीत, गर्दी मोबाइलवर

२८ जुलै २०२५. जॉर्जियातल्या बाटुमीत दिव्या देशमुख काळे मोहरे घेऊन बसली होती आणि इकडे नागपूरकर मोबाइलला डोळे लावून. जलद टायब्रेकचा दुसरा डाव. घड्याळाच्या दडपणाखाली प्रतिस्पर्धी कोनेरू हम्पीची चाल चुकली आणि बुद्धिबळाचा महिला विश्वचषक नागपूरच्या लेकीचा झाला. एकोणीस वर्षांची ही पोर आईच्या गळ्यात पडून रडली. त्याच विजयाने ती ग्रँडमास्टरही झाली.

क्रिकेट सोडून इतर खेळांना टीव्हीवर किती वेळ मिळतो, हे सांगायला नकोच. बुद्धिबळाला आज जो प्रेक्षक आहे, तो बराचसा यूट्यूबने घडवला. सागर शहा आणि अमृता मोकल यांच्या ‘चेसबेस इंडिया’ या वाहिनीने चाल का खेळली, दुसरी कोणती शक्य होती, हे समजावून सांगितलं. टाळेबंदीत विनोदवीर समय रैनाने हसत-खिदळत पट मांडला. (जुन्या मंडळींनी नाकं मुरडली असतीलच!)

यूट्यूबसारखं स्वतंत्र माध्यम म्हणजे सोवळं असं मात्र नाही. व्ह्यूजसाठी हरलेल्या खेळाडूला झोडपणारे इथेही आहेत. तरी निकालावर नुसता आरडाओरडा करणाऱ्या वाहिनीपेक्षा डाव उलगडून दाखवणारा एकटा निवेदक केव्हाही बरा.

क्रिकेटमध्येही सगळं लोकांपर्यंत पोचतंच असं नाही. विदर्भाने तीनदा रणजी करंडक जिंकला. पण त्याच संघाच्या हर्ष दुबेचा एकाच रणजी मोसमातल्या ६९ बळींचा विक्रम किती जणांना ठाऊक आहे? तुमच्या भागातल्या खो-खो, कबड्डी, बुद्धिबळाच्या स्पर्धा कुणी मोबाइलवरून मनापासून दाखवत असेल, तर आम्हाला जरूर कळवा.