आकाशातली पायरी

'माणसाने आपली पायरी सोडू नये' हे वाक्य आपल्याकडे बहुधा वरच्याने खालच्याला ऐकवलेले असते. म्हणून आम्हां मास्तरांच्या तोंडीही ते शोभत नाही. आकाशात मात्र ते सर्वांना सारखेच लागू आहे. एका विमानाने १४,००० फुटांवर राहावे, दुसऱ्याने १५,००० फुटांवर, असे जमिनीवरचा नियंत्रक सांगतो. ही पायरी डोळ्यांना दिसत नाही. ती दिलेल्या शब्दावर उभी असते.

ती सुटली की काय होते, हे आपल्या सह्याद्रीने पाहिले आहे. ७ जुलै १९६२ रोजी, मध्यरात्र नुकतीच उलटली असताना, मुंबईकडे येणारे अलिटालियाचे विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले. मुंबई जवळ आली, असा वैमानिकाचा समज झाला आणि त्या टापूसाठी ठरलेल्या सुरक्षित उंचीच्या खाली तो आधीच उतरला. ९४ माणसे गेली.

तिथे डोंगर निदान जागचा हलत नव्हता. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात दोन्ही बाजूंनी विमानेच होती. दिल्लीस उतरू पाहणाऱ्या कझाक विमानाला १५,००० फूट नेमून दिले होते, दिल्लीहून निघालेल्या सौदी जंबोला १४,०००. कझाक विमान आपली पायरी सोडून खाली आले. दोन्ही विमानांतील मिळून ३४९ जण मरण पावले.

न्यायमूर्ती लाहोटींच्या चौकशीत जे निघाले, ते ऐकून वाचकहो, आपलेच घर आठवावे. कझाक वैमानिकांना इंग्रजी बेताचेच येत होते. नियंत्रकाशी बोलणारा एक, विमान चालविणारे दुसरे; आणि बोलणाऱ्यापुढे स्वतःचा उंचीमापकच नव्हता! उंचीचा आकडा एकमेकांना मोठ्याने सांगण्याची रीतही पाळली गेली नाही. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारला विमानाची उंची कळत नसे; नियंत्रकाला त्यांच्या शब्दावरच विसंबावे लागले.

पुढे दिल्लीत येण्याजाण्याचे मार्ग वेगळे झाले, टक्कर टाळण्याची सूचना देणारे यंत्र विमानांत सक्तीचे झाले. हे उत्तमच. पण यंत्राने सावध केले, तरी ऐकायचे माणसालाच. दारात निरोप एकाने घेतला, 'हो, हो' म्हटले आणि ज्याने तो पाळायचा त्याला सांगितलाच नाही, तर आपल्या घरी फार तर पाहुणा स्टेशनावर ताटकळतो. तिथे तेवढ्यावर भागले नाही.