दारावरचा चरा

गुडीहत्नूरला नागपूर-हैदराबाद हमरस्ता सोडून इंद्रवेल्लीकडे वळावे, तर कापसाच्या हंगामात ती वाट बैलगाड्यांची असते. गेल्या दिवाळीनंतर तेथेच मालमोटारीच्या भोंग्याने एक तांबडा बैल बुजला आणि जोखडाचे टोक आमच्या पद्मिनीच्या दारावर वीतभर ओढले गेले. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ही गाडी वडिलांची. आम्ही तिला रोज न्हाऊ घालावे तशी पुसतो. (घरची मंडळी हसतात, हसोत बापडी.) गाडीवान हात जोडून उभा राहिला, कनवटीचे पैसे काढू लागला. ते आम्ही घेतले नाहीत. पण त्याआधी जे बोललो, ते येथे लिहिण्याजोगे नाही. बैलाची मान सोलवटली होती, हे घरी आल्यावर आठवले.

रंगकाम जाणणाऱ्या एका स्नेह्यांनी चऱ्यावरून नख फिरवले. नख अडकले नाही, तर पॉलिशने भागते. तळाशी पत्रा चमकला, तर मात्र पावसाळ्यापूर्वी उपाय हवा. गंज रंगाखालून पसरत जातो. आमचा पत्रा दोन ठिकाणी उघडा पडला होता. तेवढाच भाग पॉलिश पेपरने घासून प्रायमर लावला, वर रंगाचा हात दिला. उन्हाने विटलेल्या जुन्या रंगाशी नवा जुळेना. सगळे दारच रंगवा, असे ते म्हणाले. वडिलांच्या वेळचा रंग खरवडायचा? आम्ही नको म्हटले.

शिमग्याच्या सुमारास तो गाडीवान पुन्हा भेटला. त्याने आधी दार पाहिले, आम्ही बैलाची मान. जखम भरली होती. तेथे केस मात्र पांढरे उगवले होते.