हरित सप्ताह आणि भाडेकरूचे घर

ब्रिटनमध्ये २०२१ च्या सप्टेंबरात, ग्लासगोच्या हवामान परिषदेपूर्वी, ‘ग्रेट बिग ग्रीन वीक’ प्रथम साजरा झाला. हाक ‘क्लायमेट कोॲलिशन’ या आघाडीची. कार्यक्रम मात्र गावोगावचे लोक स्वतःच ठरवतात. कुठे मोडक्या वस्तूंची विनामूल्य दुरुस्ती, कुठे कपड्यांची अदलाबदल, कुठे सायकलफेरी. दुरुस्त केलेल्या किटलीने पृथ्वीचे तापमान उतरणार नाही, अशी टवाळी करणे सोपे आहे. (टवाळी करणारे बहुधा घरीच बसलेले असतात!)

खरा प्रश्न निराळा आहे. ब्रिटनमधील बहुतेक घरे गॅसवर उबदार ठेवली जातात आणि जुन्या घरांच्या भिंती-छपरांतून ती ऊब वाया जाते. स्वतःच्या घरात राहणारा मनुष्य सप्ताहात माहिती घेऊन छपराला उष्णतारोधक थर बसवील. भाडेकरूने काय करावे? खर्चाचा निर्णय घरमालकाचा, गॅसचे बिल भाडेकरूचे. ज्याच्या हाती निर्णय, त्याला बचतीचा लाभ नाही; मग बाजार हलावा कशाने? सद्भावनेनेही तो हलत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये २०१८ साली भाड्याच्या घरांना ऊर्जाक्षमतेची किमान श्रेणी लागू झाली, तीही कायद्यानेच, आणि सातांपैकी पाचवी!

कायदा लोकांच्या रेट्याने होतो, याचा दाखला त्याच देशात आहे. २००५ साली ‘फ्रेंड्स ऑफ द अर्थ’ने मोहीम उघडली, हजारो नागरिकांनी आपापल्या खासदारांना गाठले आणि २००८ मध्ये हवामान बदल कायदा संमत झाला. दुरुस्तीच्या टेबलाभोवती जमणाऱ्या शेजाऱ्यांत भाडेकरू किती, आणि तेथे खासदाराला कोणी बोलावले आहे काय, हे सप्ताहात सहभागी होणाऱ्यांनी आधी पाहावे.