श्रेष्ठ कोण?

नागापुरांतील आमच्या घरीं परवां वाद निघाला : खाडिलकरांच्या 'मानापमाना'ला (१९११) चाली देणारे गोविंदराव टेंबे श्रेष्ठ, कीं 'स्वयंवरा'ला (१९१६) देणारे भास्करबुवा बखले? दादा टेंब्यांच्या पक्षाचे, मी बुवांच्या. जन्माचा मास्तर; मीं गुणपत्रकच आंखलें : रागशुद्धि, ताल, प्रसंगौचित्य. बेरजेंत टेंबे पुढें जातांच मीं बुवांचे दोन गुण हळूच वाढविले. सूनबाईंनीं तें पाहिलें!

वाचकहो, चाल रागांत व तालांत आहे कीं नाहीं, हें पारखतां येतें. पहिला क्रमांक मात्र आपले कान आधींच देऊन बसलेले असतात. आवड खुशाल असावी. तिला निकाल म्हणूं नये. दादांची मीं क्षमा मागितली. परंतु जन्मभर तपासलेल्या निबंधांचें काय, हा प्रश्न अद्याप सुटत नाहीं.